जुळ्यातले धाकटे

"वय झालं" हे दोन शब्द सरांसमोर काढायची सोय नव्हती. एसटीत शेजारी बसलेली एखादी बाई गुडघे चोळत सहज म्हणायची, "काय करावं बापा, वय झालं," की सर हातातला पेपर मिटायचे.

"कुणाचं झालं?"

"माजं, आन कुणाचं."

"तुमचं झालं का गुडघ्याचं झालं? गुडघ्याचं वेगळं असतंय मावशी. पाणी कुठून आणायच्या?"

मग ताडकळस ते पूर्णा या अख्ख्या रस्त्यात त्या गुडघ्यांचा इतिहास निघायचा. विहीर किती लांब होती, डोक्यावर हंडे किती, बाळंतपणानंतर निंदायला कधी गेली. पूर्णेला उतरताना मावशी म्हणायची, "एवढं इचारलंत तर दवा तरी सांगा." सर म्हणायचे, "मी डॉक्टर न्हाई. मी प्राणिशास्त्राचा आहे." मावशी तोंडाला पदर लावून पायऱ्या उतरायची. बसच्या खिडकीतून लोक सरांकडं बघायचे आणि सरांना त्याचं काहीही वाटायचं नाही.

पूर्णेच्या कॉलेजात ते आम्हाला शिकवायचे. काठीसारखे सरळ, केस काळे, रंग न लावता काळे, आणि शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. कॉलेजची समजूत होती की भिंग किड्यांसाठी आहे. किडे नावाला. शिपाई चहा घेऊन आला की सर कप टेबलावर ठेवायचे, त्याचा हात पालथा करायचे आणि भिंगातून कातडी बघायचे. "रातपाळी कुठं करायलास?" शिपायाला घाम. रात्री तो स्टेशनवर माल चढवायचा, हे प्राचार्यांना ठाऊक नव्हतं.

लग्नाला त्यांना कुणी बोलवेना झालं होतं, त्याचंही कारण हेच. एका पंगतीत त्यांनी नवरीच्या आईला, ती जिलबी वाढत असताना, विचारलं, "ही पोटात होती तेव्हा घरात दाणे होते का?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आई उपाशी असली की पोटातल्या लेकरावर त्याच्या खुणा राहतात, त्या पुढं कितीतरी वर्षांनी दिसतात, हे त्यांनी वाचलेलं होतं आणि त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. पण जिलबी वाढणाऱ्या बाईला असं विचारतात का? ती ताट तिथंच सोडून आत गेली आणि बाहेर आली ती दोन दिरांना घेऊन.

वर्गात मात्र हाच माणूस सोनं होता. आमचा वर्ग शेतकऱ्यांच्या, मेंढरंवाल्यांच्या, रोजानं जाणाऱ्यांच्या पोरांचा. फळ्यावर व्याख्या लिहायच्या ऐवजी सरांनी विचारलं, "दारं कुणी कुणी धरलीत?" अर्ध्या वर्गानं हात वर केले. शेताला पाणी देताना एक वाफा भरला की त्याचं तोंड चिखलानं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं, हे आमच्यातल्या पोरींनीही केलेलं.

"मग तुमाला एपिजेनेटिक्स येतंय," सर म्हणाले. "शेत तेच, बी तेच, पाणी तेच. कोणतं दार फोडलं आन कोणतं बुजवलं, त्याच्यावर पीक. जनुकं म्हणजे वाफे. आईबापानं दिलेत तेवढे. मिथाईल म्हणून एक एवढुसं ढेकूळ असतंय. ते दारात बसलं की बहुतेक वेळा तो वाफा कोरडा."

"ढेकळं बसवतंय कोण सर?"

"धूर. धूळ. उपास. रातपाळी. सासू."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. सासू त्यांनी पूर्ण शास्त्रीय अर्थानं घेतली होती.

"आन काही ढेकळं वय वाढंल तशी आपसूक बसतात, काही विरघळतात. कुठल्या दारात किती, हे मोजून आता शरीराचं वय सांगायलेत. जन्माच्या दाखल्याशी ते जुळंलच असं न्हाई."

मागून कुणीतरी विचारलं, "बसलेलं ढेकूळ काढता येतंय का?"

"काही येतात. बिडी सोडली तर बिडीनं बसवलेली बरीचशी हळूहळू निघतात." मग आवाज उतरवून, "सगळी न्हाई."

मला या विद्येचा तेव्हाही राग यायचा आणि अजून येतो. विद्येचा नाही, तिच्या गिऱ्हाइकांचा. माणसाच्या अंगाचं खरं वय मोजायची रीत जगात निघाली आणि रांगेत पहिला कोण उभा राहिला? ज्याला पन्नाशीत तिशीचं दिसायचंय तो. गोळ्या, सरबतं, बर्फाच्या अंघोळी, सगळं त्याच्यासाठी. जिनं तिशीतच साठीचं अंग ओढलं, तिच्या दारापर्यंत ही मोजणी कधी गेली? हे मी अशाच शब्दांत एका पत्रकात लिहिलं होतं. पदवीनंतर मी मजुरांच्या संघटनेत काम करायला लागले होते आणि पत्रक छापायच्या आधी सरांना दाखवायची मला खोड होती. सरांनी पेन्सिल घेतली आणि एकही शब्द न बदलता सगळी उद्गारचिन्हं खोडली.

"सर, लोक पेटले पाहिजेत."

"किंचाळणाऱ्याला लोक दार उघडत न्हाईत, पत्रकवाले."

तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली.

पण सरांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा वर्षातून एकदा वर्गात येऊन खुर्चीवर बसायचा. जनुकांचा धडा आला की सर सकाळच्या बसनं ताडकळसहून एका म्हाताऱ्याला घेऊन यायचे. पांढरी टोपी, पाठीला बाक, पुढचे दात गेलेले, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. सर त्यांना टेबलाशेजारी बसवायचे आणि स्वतः बाजूला उभे राहायचे.

"हे माझे कोण?"

"वडील," वर्ग म्हणायचा. एखादा शहाणा म्हणायचा, "चुलते."

"जुळा भाऊ. एकाच बीजाचे आमी दोघं. वाफे सारखे, बी सारखं. आता दारं कुणी धरली ते विचारा."

मग खुर्चीतून आवाज यायचा, "बगून घ्या लेकरांनो. पोळ्याला बैल मिरवतेत तसं मास्तर मला वर्साला मिरवतंय. झूल तेवढी घालायची ऱ्हायली."

हे दादा. सख्ख्या भावाला ते मास्तर म्हणायचे आणि सर त्यांना दादा. दादा थोरले. सुईणीनं एकाची नाळ कापून दुसऱ्याकडं वळावं, एवढ्या वेळानं थोरले. पण थोरला तो थोरला. आमच्याकडं बापाचं काम थोरल्यानं उचलायचं असतं. त्यांचा बाप ताडकळसच्या बाहेरच्या जिनिंगमध्ये रेच्यावर होता. कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र म्हणजे रेचा. तो चालतो तेव्हा हवेत रुईची इतकी बारीक धूळ उडते की समोरचा माणूस दुधात बुडाल्यासारखा दिसतो. बापानं अंथरूण धरलं तेव्हा दोघं भाऊ एकाच वर्गात, एकाच बाकावर होते. दुसऱ्या दिवशी एक बाकावर राहिला आणि एक रेच्यावर गेला. कुणी ठरवलं नाही, कुणी भांडलं नाही. धाकट्यालासुद्धा वाटलं नाही की यात ठरवण्यासारखं काही आहे.

"सुईणीचा हात आधी माझ्या डोक्याला लागला असता तर आज खुर्चीवर मी असतो," सर वर्गाला सांगायचे. "आन तुमाला दादानं शिकवलं असतं. बरंच शिकवलं असतं. त्याचं गणित माझ्याहून पक्कं होतं."

"मास्तरला पाढे मी सांगायचो," दादा म्हणायचे. "कॅन्टीनची भजी कवा येनार?"

आणि ऐका. सरांच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून, आमच्या सगळ्यांच्या असतो तसा. दादांनी शाळा सोडताना दाखला काढलाच नव्हता. आधार काढायच्या कॅम्पात मशीनवरच्या पोरानं विचारलं, जन्मतारीख? दादा म्हणाले, लिव्ह तुज्या मनानं. पोरानं दादांच्या तोंडाकडं बघितलं, एक जानेवारी टाकली आणि साल असं टाकलं की एका रात्री जन्मलेले दोन भाऊ सरकारदरबारी दहाएक वर्षांच्या अंतरानं जन्मले! मी संतापले. अर्ज करू, दुरुस्त करून घेऊ. सर उलट खूश.

"चिडू नको. त्या पोरानं प्रयोगशाळा नसताना ढेकळांचं मिथिलेशन मोजलंय. बरोबर मोजलं असंल." मग पुन्हा म्हणाले, "लय बरोबर मोजलं असंल." दुसऱ्यांदा म्हणताना ते खूश नव्हते.

सर रिटायर होऊन गावी भावाशेजारच्या खोलीत येऊन राहिले. रेचा सोड म्हणून ते दादांच्या मागं लागायचे. माझी पेन्शन आहे, दोघं खाऊ. दादांचं उत्तर ठरलेलं, "धाकल्याच्या ताटात थोरल्यानं जेवावं? मास्तर, शिकून बी कळंना का तुला?"

मग एका हंगामात दादांना धाप लागायला लागली. पायऱ्या चढताना आधी, नंतर सपाटीवर. जिनिंगच्या दिवाणजीनं त्यांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, "दादा, वय झालं आता. कार्डावर बगा की. घरी बसा, नातीला खेळवा." नात दहावीत होती. तिला काय खेळवणार? पण दादा उपरणं झटकून घरी आले आणि ओसरीत बसले. दिवाणजीचं त्यांना पटलं होतं. "खरंच हाय. म्हातारा झालो." एवढ्या वर्षांची धूळ छातीत घेऊन माणूस घरी आला, आणि त्याला वाटत होतं की चूक त्याच्या वयाची आहे. जिनिंगचा एक रुपया दवापाण्यासाठी निघाला नाही, कारण म्हातारपण हा काही कुणी दिलेला आजार नसतो!

सर माझ्याकडं आले. चपला न काढता दारातूनच म्हणाले, "चल."

सरकारी दवाखान्यात रांग व्हरांड्याबाहेर गेलेली. डॉक्टर तरुण होत्या, सकाळपासून पाणी प्यायला उठल्या नसाव्यात. दादांची छाती ऐकली, कार्ड बघितलं. "बाबा, सत्तरच्या वर आहात. या वयात थोडी धाप लागणारच."

सरांनी स्टूल ओढलं आणि दादांशेजारी बसले. "आता मला तपासा."

"तुम्हाला काय होतंय?"

"काही न्हाई. म्हणून तर तपासा."

मागून एक बाई ओरडली, "धडधाकट मानसाला कशाला नंबर पायजे ओ? आमी काय हवा खायला आलो?"

"मी ह्याचा जुळा भाऊ," सर म्हणाले. "धाकटा. ह्याला वयानं धाप लागत असंल तर मला बी लागाय पाहिजे. आमचं वय एकच आहे. न्हाई तर वयाचं नाव घेऊ नका."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकदा या तोंडाकडं बघितलं, एकदा त्या. भुवया तशाच, कानांच्या पाळ्या तशाच. मग त्यांनी कपाटातून फुंकायचं यंत्र काढलं. दादांनी फुंकलं आणि खोकत वाकले. सरांनी फुंकलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि एकावरचा आकडा दुसऱ्यावरच्या आकड्याशी ताडून बघितला. मागची बाईसुद्धा पुढं येऊन वाकून बघायला लागली.

"बाबा, त्रास रोजच सारखा होता का?"

"बाजाराच्या दिशी बरं असायचं," दादा म्हणाले. "त्या दिशी जिनिंग बंद. दुसऱ्या दिशी रेच्यावर गेलं की छाती आवळायची. मंग चार दिसांत सवं व्हायची."

"हे वय नाही, बाबा," डॉक्टर म्हणाल्या. "वयाला आठवडी सुट्टी नसते. ही कापसाची धूळ आहे." जे गेलं ते सगळं परत येणार नाही, पण धूळ सुटली आणि औषध नीट घेतलं तर आहे ते राखता येईल, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि तसं कागदावर लिहून दिलं. रांग तुंबलेली असताना त्यांनी हे केलं, हे मी विसरणार नाही.

परतीच्या बसमध्ये दादा खिडकीशी बसले होते. सरांकडं वळून म्हणाले, "मास्तर, मंजे मी म्हातारा न्हाई?"

"माझ्याएवढाच आहेस."

"तू तर पोरगं दिसतूस."

"मग तू बी पोरगंच."

दादा बाहेर बघत राहिले. तुरीची रानं मागं जात होती. मग त्यांनी विचारलं, "मंग माजी दहा वर्सं कुनी खाल्ली?"

सरांनी डॉक्टरांचा कागद उघडला आणि पहिल्यापासून परत वाचायला लागले.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. वर मथळा: धुळीनं जनुकं नासली, तीन पिढ्या बरबाद. सरांनी वाचलं आणि या वेळी पेन्सिल न घेता कागदच घडी करून खिशात घातला.

"हे छापायचं न्हाई."

"का? तुम्हीच शिकवलंत, धूळ खुणा सोडते म्हणून."

"सोडते. दादाच्या अंगात सोडली असंल. पण त्या खुणा नातीपर्यंत जातात हे मी कुठं म्हणालो? उंदरांत काही दिसलंय. माणसांत अजून वाद चालू आहे. तुला 'कदाचित' असं छापता येतंय का मथळ्यात?"

"सर, समोरचे सरळ खोटं बोलतात. आपण थोडं वाढवून सांगितलं तर..."

"तर काय होईल सांगू? दादाची नात दहावीला आहे. दोन-चार वर्षांनी तिला बघायला पाहुणे येतील. कुणीतरी तुझं पत्रक काढंल. ह्यांचं बीच नासलेलं आहे म्हणतील. मालकाला काही होणार न्हाई, पोरीला होईल."

मी भांडले. अजूनही माझं म्हणणं आहे की गरिबांच्या बाजूनं बोलणाऱ्यालाच तेवढी पुराव्याची अट का. पण पोरीचा मुद्दा मला मानावा लागला, आणि जिलबीच्या पंगतीत मार खाता खाता वाचलेला माणूस हे बोलत होता, म्हणजे तो काहीतरी शिकला होता. शेवटी मथळा सरांनी दिला: दादांचं वय झालेलं नाही, दादांना धुळीनं आजारी पाडलं. खाली डॉक्टरांचं म्हणणं आणि दोन मागण्या. आजारी पडलेल्याचं औषधपाणी जिनिंगनं करावं, धूळ ओढणारे पंखे बसवावेत. एक उद्गारचिन्ह मी शेवटी घुसवलं. सरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाळी सुटायच्या वेळी आम्ही जिनिंगच्या फाटकावर उभे राहिलो. पांढऱ्या भुवयांची माणसं बाहेर येत होती, पत्रक घेत होती. दिवाणजी आला. तो काही राक्षस नव्हता, दादांबरोबर त्याचीही जिंदगी तिथंच गेली होती. "सर, तुमी शिकलेली मानसं," तो म्हणाला. "खाली-पिली वाद कशाला? कार्डावर वय लिव्हलंय. मालकाला मी काय सांगू?"

सर बोलायला पुढं झाले. आता ते दारं, ढेकळं, वाफे सगळं सांगणार, माणसं ऐकणार, याची मी वाट बघत होते. पण दादांनी त्यांच्या दंडाला धरून मागं केलं.

"तू थांब मास्तर. लय वर्सं बोललास माज्याबद्दल."

मग ते दिवाणजीसमोर उभे राहिले. धाप लागत होती म्हणून थांबून थांबून बोलले. "दिवाणजी, मी म्हातारा न्हाई. मी आजारी हाय. म्हाताऱ्याला घरी धाडतेत. आजाऱ्याला दवा देतेत. तुमी मला कामून घरी धाडलं?"

पन्नास पत्रकांत मला जमलं नसतं असं ते वाक्य होतं. दिवाणजीनं मान खाली घातली. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली आणि त्यातला एकजण छाती चोळत म्हणाला, "बाजाराच्या दुसऱ्या दिशी मला बी व्हतंय." मग दुसरा. मग बायकांच्या बाजूनं आवाज आले.

एका दिवसात काही झालं नाही, पण पुष्कळ खेट्यांनंतर दादांचं औषध जिनिंगकडून सुरू झालं आणि त्यांना रेच्यावरून काढून फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसवलं, मोकळ्या हवेत. पंखे अर्ध्या भागातच बसलेत. उरलेल्या अर्ध्यासाठी मी अजून भांडतेय, आणि ते लिहायची ही जागा नव्हे.

मी जिल्हा सोडून दुसरीकडं कामाला जाणार होते, म्हणून दोघांना भेटायला गेले. ओसरीत सर एक खोकं घेऊन बसले होते, पोर बक्षीस घेऊन बसतं तसे. पुण्यात असणाऱ्या सरांच्या लेकीनं पाठवलं होतं. आत झाकणाच्या दोन छोट्या नळ्या. त्यांत थुंकायचं, पाठवायचं, आणि अंगाचं वय किती ते उत्तर यायचं. सरांनी या दिवसाची किती वर्षं वाट पाहिली होती ते मला ठाऊक होतं. एका बीजाचे दोघं, एक बाकावर, एक रेच्यावर. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञानं हेवा करावा असा प्रयोग त्यांच्या घरात बसला होता.

"थुंक यात," त्यांनी दादांना नळी दिली.

"कामून?"

"तुझं खरं वय कळंल. माझं बी कळंल. मग फरक किती ते बघू."

दादांनी नळी उजेडात धरून फिरवली. धाप पूर्वीपेक्षा कमी होती, पण गेली नव्हती. "आन फरक निगाला तर?"

"तर कळंल."

"कमी निगाला तर दिवाणजी म्हनंल, चला परत रेच्यावर. जास्त निगाला तर तू रडशील."

सर खोक्यावरची सूचना वाचायला लागले.

"रडशील का न्हाई?"

"रडंन," सर म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे."

मला राहवलं नाही. "सर, तुम्ही तुमची तरी पाठवा."

"जुळ्यातल्या एकाचं मोजून काय कळतंय, पत्रकवाले?" त्यांनी आपली नळी खोक्यात परत ठेवली आणि खोकं बाजूला सारलं. आवाज साधा होता. भिंग खिशातच होतं.

दादा मात्र हातातली नळी सोडायला तयार नव्हते. झाकण काढून, परत लावून, परत काढून बघत होते. तंबाखू सरांनी त्यांना केव्हाच सोडायला लावली होती, पान तेवढं उरलं होतं. त्यांनी कमरेची जुनी गंजलेली डबी काढली, बोटानं चुना खरवडला आणि नळीत भरला.

"झाक हाय. सांडनार न्हाई."

मी सरांकडं बघितलं. सर पुढं वाकून नळी नीट बघत होते.

"झाकण घट्ट लाव दादा," ते म्हणाले. "न्हाई तर वाळून जाईल."